कडबाकुट्टीच्या चाकाची सायकल

विहीणबाई, तुमच्यावर माझा कधीच विश्वास बसला नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही ते हसण्यावारी नेत होता, हे मला ठाऊक होतं. परवा तुमचं तेरावं झालं. आज घरी आले, पाय धुतले, आणि आता तुमच्याशी भांडायला बसले आहे. समोर असता तर चार शब्दांत मिटलं असतं. आता तुम्हाला उत्तर देता येत नाही आणि मला गप्प बसवत नाही.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या बिऱ्हाडी आलात, ती दुपार घ्या. ह्यांची पोस्टातली बदली साताऱ्याहून सांगलीला झाली होती. सामान अजून पोत्यातच होतं. माझी सुमन तुमच्या घरात दिलेली, तीन गल्ल्या पलीकडे. लेक जवळ आली म्हणून मी खुशीत होते, तोवर तुम्ही दारात उभ्या. बरोबर कुणी नाही, आधी निरोप नाही. आता मला सांगा, मुलाची आई न बोलावता मुलीकडच्यांच्या दारात कशाला येते? एक तर काही मागायला, नाहीतर काही परत करायला. मागण्यासारखं आमच्याकडे काही उरलं नव्हतं. म्हणजे परत करायला. आणि परत करण्यासारखं एकच होतं, सुमी. लग्नाला चार वर्षं होत आली होती आणि पाळणा हलला नव्हता. माझ्या हातातली पातेली तशीच राहिली.

आणि तुम्ही काय म्हणालात? "विहीणबाई, डाक्टरनं तुमास्नी घाम काढाया सांगितलाय म्हनं. आमच्या तालमीत बायकांची येळ ठिवलीया. उद्यापास्नं या."

माझं ब्लडप्रेशर वाढलंय, जिना चढताना दम लागतो, हे सुमीनं तुम्हाला सांगितलं असणार. तेवढं समजलं. पण सुनेच्या आईच्या रक्तदाबाची काळजी करणारी सासू मी तरी कुठं पाहिली नव्हती. मनात पाल चुकचुकली ती तिथंच. नाही म्हणायची मात्र सोय नव्हती. मुलीची आई आहे मी. तुम्ही विहिरीत उडी मारा म्हणाला असता तरी मी आधी विचारलं असतं, कुठल्या.

तुमची तालीम म्हणजे तुमच्या मालकांचं, सुभेदारांचं वेड. फौजेतून आल्यावर आष्ट्याची उसाची जमीन तुमच्या धाकट्या दिराच्या हवाली करून त्यांनी सांगलीत व्यायामशाळा काढली. कुठल्याशा मिलिटरी इस्पितळात त्यांनी जागच्या जागी चालवायची सायकल पाहिली होती. तसली विकत कोण देणार? मग त्यांनी एका वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतली. जुन्या सायकलीचा सांगाडा, खाली लोखंडी घोडी, आणि मागच्या चाकाच्या जागी वैरण कापायच्या कडबाकुट्टीचं अवजड चाक. त्या चाकावर गिरणीचा जुना चामडी पट्टा, आणि पट्टा आवळायला हँडलपाशी एक पिळायची मूठ. मूठ आवळली की चाक जड व्हायचं. ते धूड पाहून मला वाटलं, हिच्यावर माणूस बसत नसेल, शिक्षा म्हणून माणसाला घालत असतील.

साध्या सायकलीवर आपण पाय थांबवले तरी चाक आपलं फिरत राहतं. हिचं तसं नव्हतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायडल फिरतंय तोवर आपले पाय. हे मला आधी कुणी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी दमले म्हणून मी पाय थांबवायला गेले, तर नडगीवर असा दणका बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तुम्ही लगोलग खोबरेल घेऊन आलात. चोळता चोळता म्हणालात, "येकदम थांबायचं नसतं विहीणबाई. हळूहळू येग कमी करायचा, मग उतरायचं."

रात्रभर मी त्या वाक्याचा कीस काढत बसले. हळूहळू उतरायचं म्हणजे कुणी उतरायचं? कुठून? सुमीनंच की काय?

दुसरं भांडण लुगड्यावरून. मी साताऱ्यात असतानाच पाचवारी नेसायला लागले होते, आणि पोस्टातल्या बायकांत मला त्याचा तोरा होता. तुम्ही नऊवारीतल्या. तुम्ही कासोटा आवळून त्या घोडीवर टांग टाकायचात आणि शेतात मोटेवर बसल्यासारख्या ऐसपैस चालवायचात. माझ्या मात्र निऱ्या साखळीत. एक चांगली वॉयलची साडी काळ्या वंगणात गेली. तुम्ही तोंडावर पदर धरून हसलात. "लुगडं न्हेसा आता. कासोट्याबिगर ह्यो गडी कुनाचं ऐकत न्हाई." मला वाटलं, खेड्यातली म्हणून मी आपल्याला कमी लेखते असं ह्या बाईच्या मनात असणार आणि त्याचा हा सूड. तरी ट्रंकेतलं लुगडं काढलं. ह्यांनी विचारलं, आज काय माहेरचा गोंधळ आहे का? आणि गंमत बघा, लुगडं नेसून बसले तर पाय कसे मोकळे झाले. तुमचं बरोबर होतं. ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

पाण्यावरून तर आपलं रोजच व्हायचं. घामानं डबडबून मी उतरले की तुम्ही तांब्या पुढं करायचात आणि मी मान हलवायची. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हे माझ्या आईनं पाळलं, मी पाळत होते. तुम्ही म्हणायचात, "आवं, घरचं कुटं, तालमीच्या नळाचं हाय." मी म्हणायची, तांब्या कुणाचा आहे? मग तुम्ही तांब्या खाली ठेवायचात. मी घरून बाटली भरून आणायला लागले. विहीणबाई, खरं सांगू? मला तेव्हा वाटायचं, ही बाई मला पाणी पाजून रीत मोडायला लावते आहे, म्हणजे उद्या म्हणायला मोकळी, की तुमचीच आशा सुटलेली दिसते.

समोरच्या खिडकीतून काय दिसायचं ते आठवतं ना? गोदामाची भिंत, आणि भिंतीवर सरकारनं रंगवलेला कुटुंबनियोजनाचा भला मोठा लाल त्रिकोण. खाली आई, बाप आणि दोन हसरी पोरं. आपण रोज त्यांच्याकडे तोंड करून पाय मारायचो. सरकारला ज्यांची गर्दी झाली होती, ते माझ्या लेकीच्या पदरात एकही पडत नव्हतं. त्या भिंतीकडे बघून तुम्ही कधी सुस्कारासुद्धा टाकला नाहीत. मला तेच जास्त खटकायचं. नातवंडाची आस असलेली बाई एकदा तरी बोलेल. टोमणा मारेल, नवस सांगेल, एखाद्या बाबाचा अंगारा आणेल. तुम्ही ह्यातलं काही केलं नाहीत. पाणी कुठंतरी मुरत होतं.

बाकीच्या बायका आठवड्याभरात पांगल्या. कुणाचं अंग दुखलं, कुणाच्या नवऱ्यानं नाही म्हटलं. तुम्ही त्यांना बोलवायलाही गेला नाहीत. राहिलो आपण दोघी. मी म्हटलं, झालं. साक्षीदार गेले.

आणि मग ते सुरू झालं. मी सायकलीवर, तुम्ही शेजारच्या बाकावर. चाक फिरायला लागलं की घरघर सुरू व्हायची, जात्यासारखी. थोडा वेळ गेला की तुम्ही घसा खाकरायचात. "विहीणबाई, येक सांगायचं हुतं."

बस. आता ही म्हणणार, तुमची लेक घेऊन जा. मी ऐकलंच नाही असं दाखवून पाय जोरात मारायला लागायची. जोरात म्हणजे किती, चाक नुसतं गरगरायचं आणि घरघरीत तुमचा शब्द बुडून जायचा. वेग आला की मला लगेच थांबताही येत नव्हतं, ती सोय त्या यंत्रातच होती. तुम्ही हात पुढे करून मूठ आवळायचात. चाक जड व्हायचं. मला वाटायचं, मला दमवून, माझी बोलती बंद करून मग ही बोलणार. मग मी दात खाऊन आणखी जोर लावायची. शेवटी तुम्ही म्हणायचात, "असू द्या. उद्या बोलू."

लोकांना वाटलं, बाईला व्यायामाची गोडी लागली. कसली गोडी. ज्या यंत्राला मी पहिल्या दिवशी शिव्या घातल्या, त्याच्याशी मी जुळवून घेतलं ते एवढ्यासाठी की त्याच्या आवाजात माझी लेक तुमच्या घरात एक दिवस आणखी राहत होती. उठल्या उठल्या मांड्या भरून यायच्या. जिना उतरताना कठड्याला धरायची. पण दुपार झाली की लुगडं नेसून मी हजर. गेले नाही तर तुम्ही घरी येऊन बोलाल, आणि घरी चाक नव्हतं.

आता एक कबूल करायलाच पाहिजे. त्या चाकानं मला बरं केलं. डॉक्टरांनी पट्टा बांधून फुगा दाबला, आकडा पाहिला आणि पुन्हा दाबला, त्यांचाही विश्वास बसेना. दिवाळीला साताऱ्याला गेले तर चार भिंतींच्या टेकडीची चढण कुठं न टेकता चढले. वर जाऊन वाऱ्यात उभी राहिले आणि पहिली आठवण तुमची आली. कुणाचे आभार मानायचे हे कळत होतं, पण का केलंत ते कळत नव्हतं, म्हणून मानले नाहीत. दुधानं तोंड पोळलेलं माणूस मी. माझ्या बहिणीला सासरच्यांनी असंच गोड बोलत माहेरी आणून सोडलं होतं. "चार दिस ऱ्हाऊ द्या" म्हणाले. ती अजून राहते आहे.

नंतर तुम्हाला ताप आला. साधा ताप म्हणून तुम्ही घरीच होता. मी भेटायला आले तेव्हा तुमचं तोंड एवढंसं झालं होतं. सुमी आत पेज करत होती. तुम्ही माझं मनगट धरलंत. हात भाजत होता. म्हणालात, "आज चाक न्हाई विहीणबाई. आज तरी ऐका."

मी म्हटलं, बोलू नका, दम लागेल. बऱ्या व्हा, मग तालमीत बोलू.

तुम्ही डोळे मिटलेत. सुभेदार औषध घेऊन आले आणि मी पदर सावरून उठले. सुटले, असं वाटलं मला. लाज वाटते म्हणायला, पण सुटले असंच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जावई स्वतः सांगायला आले. दारात उभे राहिले आणि त्यांना "आई" एवढंच म्हणता आलं.

दहाव्याला नदीवरून आल्यावर सुमी परसात भांडी विसळत होती. मी शेजारी बसून राखेनं घासायला लागले. म्हटलं, सुमे, तुझी सासू मला काय सांगणार होती, तुला ठाऊक आहे का? तिच्या हातातलं भांडं थांबलं.

"म्हणजे शेवटपर्यंत नाही सांगितलं त्यांनी?"

मग तिनं सांगितलं. दोघं मिरजेच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते, आमची बदली व्हायच्या आधीच. सुमीत काही दोष नाही. जावयांना मूल होणं शक्य नाही. जावयांनी घरी येऊन आधी तुम्हाला सांगितलं. तुम्ही दिवसभर जेवला नाहीत, आणि संध्याकाळी सुमीला जवळ घेऊन म्हणालात, "तुज्या आयेला मी सांगनार. पोरगा माजा हाय, माज्याच तोंडानं सांगाया पायजे. तू बोलू नगंस." आणि हेही म्हणालात, "त्या तुला न्ह्याला आल्या तर मी आडवी येनार न्हाई. तुजं वय हाय अजून."

सुमी रोज विचारायची, सांगितलं का? तुम्ही डोक्यावरचा पदर काढून बसायचात आणि म्हणायचात, "आज न्हाई बाई. आज त्या लय जोरात हाकीत हुत्या."

तेवढं सांगून सुमी रडायला लागली, आणि मी? मला हसू आलं विहीणबाई. दहाव्याच्या दिवशी, तुमच्या परसात, राखेच्या हातानं मी तोंड दाबून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणजे बाकावर बसलेली बाई मला घाबरत होती आणि सायकलीवर बसलेली मी तिला. दोघींना भीती एकाच पोरीपायी.

पण माझं भांडण आहे ते पुढं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? मोठ्यानं ओरडायचं होतंत. मूठ आवळत बसण्यापेक्षा माझा कान धरायचा होतात. एवढ्या उसाच्या फडात माणसांना हाका मारणारी बाई तुम्ही, तुमचा आवाज त्या घरघरीवर गेला नसता होय? मला वाटतं, गेला असता. मला वाटतं, मी जोर लावला की तुम्हालाही बरंच वाटायचं. आजचा दिवस सुमी घरात राहिली, असं तुम्हीही म्हणत असणार. हा संशय मी सोडणार नाही. आज पहिल्यांदा माझ्या एखाद्या संशयानं मला तुमच्याबद्दल माया वाटली.

आणि तुम्ही सांगितलं असतंत तर? ते मला माझ्याबद्दल चांगलं ठाऊक आहे. त्याच संध्याकाळी मी सुमीची ट्रंक भरली असती आणि साताऱ्याची एस्टी धरली असती. फसवलं म्हणून साऱ्या भावकीत बोंब मारली असती. लेकीला विचारलंसुद्धा नसतं. परसात मी तिला विचारलं, "तुला यायचंय का?" तिनं हात धुतले, पुसले. "आई, मला ह्यांना सोडायचं नाही. हे मी सासूबाईंनाही सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, तुझ्या आईनं विचारल्यावर सांग." बघा. मला लेकीला विचारायचं वळण लागेपर्यंत तुम्ही थांबलात की काय, देव जाणे.

आता परवाचं सांगते, कारण ते तुमच्या मागं घडलं आणि तुम्हाला ते कळायला हवं.

तेराव्याची पंगत उठली. माजघरात बायका पानं लावत बसल्या होत्या. पुरुष ओसरीत, सुभेदार भिंतीला टेकून, जावई दाराशी. सुमी तुमच्या लोणंदच्या नणंदबाईंना सुपारी कातरून देत होती. त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "वैनी बिचारी म्हनायची, माजा नवस फेडायचा ऱ्हायलाय, म्हून सुनंची कूस उघडत न्हाई. पोरीला बोल लावू नगासा, दोष माजा हाय. आमी गप बसलो. आता वैनी गेली आन नवस बी गेला. आता पोराचं दुसरं बगाया हरकत न्हाई."

मी तुमच्याकडे बघायला मान वळवली, आणि तिथं तुमचा फोटो. मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. म्हणजे तुम्ही भावकीपुढं इतके दिवस हे अंगावर घेऊन बसला होता. मुलाची अब्रूही राखलीत, सुमीचीही, आणि स्वतःला मात्र देवाचं देणं बुडवणारी म्हणवून घेतलंत. आता तुम्ही गेलात तर ती राखण गेली, आणि माझी पोर त्या माजघरात अडकित्ता हातात धरून उघडी बसली होती.

सुभेदारांनी मान खाली घातली. दारातून जावई पुढे आले. ते सांगणार होते, मला दिसलं. सांगू दे, असंही क्षणभर वाटलं. पण आईच्या तेराव्याला, चाळीस माणसांत, ते त्यांच्या तोंडून निघावं म्हणून का तुम्ही एवढं झाकून ठेवलं होतंत? जेव्हा सांगायचं तेव्हा ते त्यांच्या मनानं सांगतील.

मी त्यांच्या आधी बोलले. म्हटलं, "अहो बाई, नवस विहीणबाईंचा नव्हताच. माझा आहे. सुमीच्या लग्नाआधी मी बोलले होते आणि फेडला नाही. त्यांनी माझं ओझं आपल्या डोक्यावर घेतलं, कारण मुलीच्या आईला कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. आता बोलायचं तर मला बोला. सुमीकडे बघायचं काम नाही."

त्या विड्याला चुना लावायच्या थांबल्या. "कुनाला बोलला हुता? आन काय?"

"ते सांगायचं नसतं."

"मग फेडा की लवकर."

"फेडीन," म्हटलं. सुमीनं खाली बघून पुन्हा सुपारी कातरायला घेतली. जावई दारातून मागं सरले आणि ओसरीच्या खांबाला धरून उभे राहिले.

विहीणबाई, तुमच्यासारखं सफाईदार खोटं मला जमलं नाही, पण निभावलं. आता त्या बाई दर सणाला, दर लग्नाला सगळ्यांच्या देखत मला विचारणार, फेडला का म्हणून. विचारू देत. मी तो मरेपर्यंत फेडणार नाही.